पाचारण आणि सहवास : जुन्या गोव्यातील मिलाग्रीसच्या मंडळाविषयी काही विचार

पुण्याच्या नगर रस्त्यावर रामवाडी येथे पेपल सेमिनरी ही कॅथलिक धर्मगुरूंना शिक्षण देणारी संस्था आहे. ती मूळची पुण्याची नव्हे. पोप तेरावे लिओ यांच्या इच्छेनुसार १८९३ साली तिची स्थापना सिलोनमधील कँडी येथे झाली आणि १९५५ साली ती पुण्यास आली. ज्या कँडीहून ती आली, तेथील विखुरलेला कॅथलिक समाज त्याच्या दोनशे वर्षे आधी गोव्याहून गेलेल्या धर्मगुरूंनी सावरून धरला होता. हे धर्मगुरू कोकणी बोलणारे होते व त्यांची घरे सांकवाळ, दिवाडी अशा गावांत होती. जुन्या गोव्यातील ज्या एका वास्तूत ते एकत्र राहत, तिच्यासंबंधी काही विचार प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहेत. लेखक भाषेचा अभ्यासक असल्यामुळे आरंभ शब्दापासून करणे त्याला सोयीचे वाटते.

संन्यस्त जीवनाकडे किंवा धर्मगुरुपदाकडे वळण्याची जी प्रेरणा, तिला मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘पाचारण’ म्हणतात. ‘पाचारणे’ हे आपल्या जुन्या काव्यातील क्रियापद आहे. त्याचा अर्थ हाक मारणे, बोलावणे. लॅटिन ‘व्होकातिओ’ हा शब्दही ‘बोलावणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेला असून कोकणीतील ‘आपोवणें’ त्याच अर्थाचे आहे. तिन्ही शब्दांतून एकच चित्र उभे राहते : हाक मारणारा परमेश्वर आणि ती ऐकणारा एकटा मनुष्य. मात्र हाक ऐकल्यावर तो ज्या ठिकाणी जातो, त्या ठिकाणाची नावे पाहावीत. ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे एकत्र येण्याची जागा. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ इंग्रजी शाळा असा होऊन बसला, ही गोष्ट वेगळी. ‘काँग्रेगासांव’ या पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी कळप या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. प्रेरणेची नावे एकवचनी आणि संस्थेची नावे समूहवाचक, असा हा भेद आहे. भाविकाच्या दृष्टीने आधी हाक आणि मग समूह असा क्रम असेल. पण निदान गोव्याच्या या उदाहरणात इतिहासाचा क्रम उलटा दिसतो : समूह आधी जमला, आणि हाक त्या समूहात राहून ऐकू येऊ लागली.

सतराव्या शतकातील गोव्यात एतद्देशीय धर्मगुरूंची संख्या थोडी नव्हती. ते लॅटिन शिकत, त्यांना दीक्षा मिळे, मिस्सा म्हणण्याचा अधिकार मिळे. परंतु बारदेशातील चर्चे फ्रान्सिस्कन संघाच्या आणि साष्टीतील जेझुइट संघाच्या ताब्यात असल्यामुळे देशी धर्मगुरूच्या वाट्यास बहुधा युरोपीय धर्मगुरूच्या हाताखालचे साहाय्यकपद येई. संघात प्रवेश मिळणे तर जवळजवळ अशक्यच. जेझुइट संघाने कोल्लमच्या पेद्रु लुईस या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणास घेतले. १५९६ मध्ये तो मृत्यू पावला, आणि त्यानंतर फार दीर्घ काळ त्या संघाने दुसऱ्या कोणा भारतीयास प्रवेश दिला नाही. दिवाडीच्या मातेउश द काश्त्रु याला गोव्यात दीक्षाही मिळेना, म्हणून तो रोमला गेला. तेथे त्याला दीक्षा मिळाली व १६३७ साली तो बिशपही झाला. परत आल्यावर आदिलशाही मुलखात डिचोलीस राहून त्याने कार्य केले. बांदे व वेंगुर्ले ही आपल्या परिचयाची गावेही त्याच्या कार्यक्षेत्रात होती. १६५३ साली गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती जनांस उद्देशून त्याने लिहिलेल्या ‘ब्राह्मणांचा आरसा’ या पत्रात पोर्तुगीज सत्तेविषयीचा त्याचा संताप उघड दिसतो. त्याची बुद्धी व धैर्य वादातीत आहे. तथापि त्याच्यामागे टिकाऊ असे सहनिवासी मंडळ उभे राहिले नाही, ही गोष्ट पुढील घटनांच्या तुलनेत नजरेत भरते.

१६८२ साली पाश्कुआल द कॉश्त जेरेमियश आणि त्याचे काही देशी सहकारी जुन्या गोव्यातील बोआ व्हिस्ता टेकडीवरील ‘क्रूश दुश मिलाग्रिश’, म्हणजे चमत्कारांच्या क्रुसाच्या चर्चमध्ये एकत्र राहू लागले. त्यांना कोणत्याही संघाची सनद नव्हती, स्वतःची नियमावली नव्हती. एका छपराखाली राहावे, ठरावीक वेळी प्रार्थना करावी, एकत्र जेवावे, इतकाच त्यांचा संकल्प होता. (याच वर्षाच्या आरंभी सज्जनगडावर समर्थ रामदासांनी देह ठेवला. त्यांच्या मठांचे जाळे तेव्हा महाराष्ट्रात पसरलेले होते. दोन्हींत परस्परसंबंध शोधण्याचा मोह होतो. परंतु त्यास पुरावा नाही आणि कालाचे साम्य हा पुरावा नव्हे.)

या मंडळात २५ सप्टेंबर १६८५ रोजी जुझे व्हाझ दाखल झाला. त्याचा जन्म १६५१ साली बाणावलीचा, घराणे सांकवाळचे. १६७६ मध्ये त्याला दीक्षा मिळाली होती आणि कानडा प्रांतात त्याने सुमारे तीन वर्षे कार्य केले होते. तेथे पोर्तुगालच्या राजाचे अधिकार आणि रोमने नेमलेल्या बिशपाचे अधिकार यांच्या ओढाताणीत तो सापडला. गोव्यास परतला तेव्हा तो अनुभवी होता, पण एकटाच होता. सिलोनला जाण्याची ओढ त्याच्या मनात आधीपासून होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. असे असूनही तो तडक सिलोनला गेला नाही. प्रथम या मंडळात आला. मंडळाने लवकरच त्याला प्रमुख निवडले आणि त्याने आपल्या सहकाऱ्यांना ओरेटरीच्या पद्धतीची शिस्त घालून दिली.

ओरेटरी, म्हणजे शब्दशः प्रार्थनागृह, ही रोममधील फिलिप नेरी या संताची योजना. तिला पोपची मान्यता १५७५ साली मिळाली. लिस्बनमध्ये बार्तोलोमेउ दु केंताल याने १६६८ साली तिची शाखा काढली व तिचेच नियम गोव्याने उचलले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही जी तीन व्रते कॅथलिक संघांत जाहीरपणे घ्यावी लागतात, ती येथे घ्यावी लागत नाहीत. सभासद धर्मगुरूच असतो, परंतु संघाशी त्याला शपथेने बांधलेले नसते. त्याला उद्या निघून जाता येते. प्रत्येक घर स्वायत्त असते. काटेकोर अर्थाने हा संन्यस्त संघ नव्हेच. आमच्या विषयास हे उदाहरण उपयोगी पडते ते याच कारणाने : जेथे शपथेचे बंधन नाही, तेथे माणसे टिकली ती कशाने, याचे उत्तर सहवासाबाहेर शोधता येत नाही. रोमने गोव्याच्या या मंडळास मान्यता दिली ती १७०६ साली, म्हणजे ती माणसे एकत्र राहू लागल्यावर चोवीस वर्षांनी.

व्हाझने १६८६ मध्ये गोवा सोडला आणि १६८७ मध्ये तो सिलोनला पोहोचला. किनाऱ्यावर डचांची सत्ता होती. कोलंबो १६५६ व जाफना १६५८ पासून त्यांच्या हाती होते आणि कॅथलिक धर्मगुरूस तेथे बंदी होती. गोरा पाद्री तत्काळ ओळखला गेला असता. काळासावळा, अनवाणी, मजुराच्या वेषातला गोवेकर लोकांत मिसळून जाऊ शकला. ज्या वर्णामुळे गोव्यात संघांची दारे बंद होती, त्याच वर्णामुळे सिलोनचे दार उघडले. १६९२ साली कँडीत पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्याला कैद झाली. पुढे राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा आश्रय लाभला. सुमारे नऊ वर्षे त्या साऱ्या बेटावर तो एकटा धर्मगुरू होता. १६९६-९७ मध्ये गोव्याहून सोबती आले, त्यांत त्याचा भाचा जुझे कार्व्हाल्यु होता. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली, तेव्हा आजाऱ्यांची शुश्रूषा या दोघांनी केली. व्हाझ १७११ मध्ये कँडीतच वारला.

हे सोबती आले कोठून? मिलाग्रीसच्या घरातून. सिलोनहून त्या घराकडे पत्रे येत. दूरच्या एकाकी धर्मगुरूची वार्ता आली की ती भोजनगृहात आणि प्रार्थनेत सर्वांची होई, असे अनुमान करण्यास हरकत नाही. दिवाडीचा जाकोमे गोन्साल्व्हिश याचे उदाहरण पाहावे. दिवाडी हे बेट जुन्या गोव्यासमोर, मांडवीपलीकडे. घर स्थापन झाले तेव्हा हा सहा वर्षांचा होता. १७०० साली तो त्यात शिरला आणि १७०५ साली सिलोनला गेला, तो १७४२ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. कोकणी मातृभाषेच्या या माणसाने सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथ रचले. सिंहली कॅथलिक साहित्याचा जनक म्हणून त्याला मानतात. त्याच्या एका सिंहली ग्रंथाचे नाव ‘देव वेद पुराणय’. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे. ‘पुराण’ शब्दाचा हा समुद्रप्रवास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एक मात्र येथे म्हणता येईल : परभाषेत इतके काम करण्यास जे स्थैर्य लागते, ते मागे उभे असलेल्या घराने दिले. मातेउश द काश्त्रुजवळ बुद्धी होती, घर नव्हते.

आतापर्यंतचे चित्र उजळ आहे, आणि बहुतेक चरित्रे येथेच थांबतात. परंतु या घराचे दार सर्वांना उघडे नव्हते. त्यात प्रवेश मिळे तो ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती धर्मगुरूंना. चारडो, म्हणजे क्षत्रिय म्हणविणाऱ्या ख्रिस्ती समाजातील धर्मगुरूंचे निराळे मंडळ चिंबल येथे कार्मेलाइट परंपरेखाली उभे राहिले. अठराव्या शतकाच्या प्रारंभी या दोन समाजांतील धर्मगुरू आपापल्या कुळांचे श्रेष्ठत्व सांगणारे ग्रंथ छापीत होते : आंतोनियु जुआंव द फ्रियश याचा १७०२ चा, लिओनार्दु पाइश याचा १७१३ चा. आपल्याकडील जुना शब्द वापरायचा तर हा पंक्तिव्यवहाराचा प्रश्न आहे. युरोपीय संघांनी देशी धर्मगुरूस आपल्या पंक्तीत घेतले नाही, म्हणून त्याने स्वतःची पंगत मांडली. आणि मांडताना तिची मर्यादाही आखून घेतली. त्या काळच्या समाजात पंगत जितकी घरोबा वाढवणारी, तितकीच ती बाहेरच्यास बाहेर ठेवणारी होती. ज्याला त्या घरात शिरणेच शक्य नव्हते अशा गावडी वा कुणबी ख्रिस्ती मुलाच्या कानी ही हाक कशी पडावी? अशा मुलांची नावे कागदपत्रांत सापडत नाहीत, त्यामुळे इतिहासकार त्यांचा हिशेब धरीत नाही. माझ्या मते तो धरला पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या आदेशात संघांतील सभासदांचे स्वतःचे जीवन हेच नव्यांना उत्तम आमंत्रण असल्याचे म्हटले आहे. मिलाग्रीसला ते पुरते लागू पडते, आमंत्रण कोणास पोहोचत होते ही मर्यादा ध्यानात घेऊन.

सहवास आणि पाचारण यांचा संबंध किती निकटचा होता, याची उलट बाजूने मिळणारी साक्ष अखेरीस नोंदवतो. १८३४ साली पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये गोव्यात त्याचा अंमल झाला. सिलोनमधील कॅथलिक समाज तेव्हा नाहीसा झाला नव्हता, धर्मगुरूंची गरज संपली नव्हती, गोव्यातील घराण्यांत भक्ती आटली होती असेही नाही. केवळ घर मोडले, आणि गोव्याहून जाणारी माणसांची रीघ थांबली. तेथे उरलेले ओरेटरीचे धर्मगुरू वृद्ध होत गेले. १८४५ नंतर युरोपीय संघ येऊन त्यांची जागा घेऊ लागले. गोव्यात पुन्हा काही देशी धर्मगुरू एकत्र राहू लागले ते १८८७ साली, काणकोणातील आगोंद येथे, बेंतु मार्तिंश याच्या पुढाकाराने. १८९० साली हे मंडळ पिळार येथील रिकाम्या पडलेल्या जुन्या मठात गेले. मिलाग्रीसच्या टेकडीवर आता वस्ती नाही. तेथील क्रूस जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलमध्ये आहे.