खडकवासला परिसर : जीवसृष्टी व भूपर्यावरण

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीकाठी असलेले खडकवासला हे गाव तेथील धरणामुळे सर्वपरिचित आहे. २०२१ मध्ये ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. भूपृष्ठाने जीवसृष्टीला आणि जीवसृष्टीने भूपृष्ठाला कसे घडविले, याचा इतिहास या लहानशा खोऱ्यात पुष्कळसा वाचता येतो. परिसर आधी आणि जीव नंतर, जीवाने फक्त परिसराशी जुळवून घ्यावयाचे, अशी समजूत सामान्यतः असते. ती अपुरी आहे. वातावरणातील मुक्त ऑक्सिजन हीच मुळात सजीवांची निर्मिती होय. नील-हरित शैवलांसारख्या सूक्ष्मजीवांनी तो निर्माण केला व सु. २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. सिंहगडाच्या पायथ्याची माती तांबूस दिसते, तीही या ऑक्सिजनाने खडकातील लोह गंजविल्यामुळेच.

या भागातील खडक दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखले जातात. सु. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचातील भेगांमधून लाव्हाचे पूर वारंवार बाहेर पडले. त्यांच्या थरांनी आजही पश्चिम व मध्य भारताचा सु. पाच लाख चौ. किमी. प्रदेश व्यापला आहे. तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून सु. ५८० मी. आणि सिंहगडाचा माथा सु. १,३०० मी. उंचीवर असल्याने सातशे मीटरांहून अधिक जाडीचे थर एका दृष्टिक्षेपात येतात. डायनोसॉरांसह असंख्य जीवजाती नष्ट होण्यास हे उद्रेक कितपत कारणीभूत झाले आणि मेक्सिकोनजीक कोसळलेला अशनी कितपत, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तथापि उद्रेक अखंड चालू नव्हते. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात लाव्हाच्या पृष्ठावर माती झाली, तळी साचली आणि जीव परतले. पुण्याच्या आसपासच्या घाटांत काळ्या थरांमध्ये दिसणारे तांबडे पट्टे अशा विरामांचे द्योतक आहेत. नागपूरजवळील टाकळी येथील अंतरा-ट्रॅपी थरांत वनस्पतींचे, तर मुंबईतील वरळीच्या टेकडीत लहान बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते.

यानंतर जीवसृष्टीने खडकावर जे कार्य केले ते संथ असले, तरी त्याचे परिणाम ज्वालामुखीपेक्षा कमी नाहीत. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळवून किंचित अम्लधर्मी होते. मुळांच्या व सूक्ष्मजंतूंच्या श्वसनाने मातीतील हवेत या वायूचे प्रमाण बाहेरील हवेपेक्षा अनेक पटींनी वाढते. शिवाय दगडफुले (धोंडफुले) व मुळे स्वतःची अम्ले स्रवतात. त्यामुळे उघड्या कातळापेक्षा झाडीखालचा कातळ अधिक वेगाने कुजतो. बेसाल्टातून सुटलेले कॅल्शियम व बायकार्बोनेट मुठा, मुळा-मुठा, भीमा आणि कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागरात पोहोचते व तेथील सूक्ष्म प्राणी त्याची कवचे करतात. ज्वालामुखीने हवेत सोडलेला कार्बन अशा रीतीने पुन्हा दगडात बंदिस्त होतो. भूवैज्ञानिक कालमापनात पृथ्वीचे तापमान आटोक्यात राहण्यास ही क्रिया साहाय्यभूत होते. वाटेत काही चुना नदीकाठच्या गाळातच कंकर म्हणून साचतो. दख्खनमध्ये पूर्वी कंकर भाजून बांधकामाचा चुना मिळवीत, म्हणजे निसर्गाने कोंडलेला वायू भट्टीतून पुन्हा मोकळा होई.

खोऱ्याच्या दोन टोकांतील पर्जन्यमानाचा फरक विलक्षण आहे. पुण्यात वर्षाला सु. ७० सेंमी., तर सु. ४०–५० किमी. पश्चिमेस घाटमाथ्यावर ३०० सेंमी. हूनही अधिक पाऊस पडतो. त्यामुळे वर अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाट राने आणि खाली काटेरी झुडपे व गवताळ माळ अशी विभागणी झाली. उतारांवर कारवीची दाट झुडपे मुसळधार पावसाचा मारा अंगावर घेतात व मातीला धरून ठेवतात. येथील शेतकरी भाताच्या रोपांसाठी फांद्या व पालापाचोळा जाळून राब करीत. उतारांवर नाचणी व वरई पिकवून ती जमीन काही वर्षे पडीक टाकीत. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांना मात्र कुऱ्हाड लागत नसे. मनुष्यवस्ती आणि पर्जन्य यांचे नाते किती नाजूक असते, हे भीमेच्याच खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथील उत्खननात दिसून आले. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उजेडात आणलेली ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत सु. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील असून तेथे पाण्यासाठी पाटही काढलेला होता. अखेरच्या कालखंडात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. त्याचे कारण वाढता दुष्काळ असावे, असे म. के. ढवळीकर यांनी प्रतिपादिले.

खडकवासल्याचे दगडी धरण १८६९ मध्ये सुरू होऊन १८७९ मध्ये पुरे झाले. अभियंता फाइफ यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. विश्वेश्वरय्यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये प्रथम येथेच बसविले गेले. १९१६ मध्ये पुण्यात सुरू झालेली जलविषयक संशोधनसंस्था पुढे खडकवासल्यासच स्थिरावली. तीच आजची केंद्रीय जल व विद्युत् संशोधन संस्था होय. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे आंबी नदीवरील पानशेत धरण फुटले व त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण भंगले. पुण्यातील नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पुढे दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. मोशी नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर येथे आणखी धरणे झाली.

या धरणांचा एक परिणाम आराखड्यांत कोठेही नव्हता. माधव गाडगीळ यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पश्चिम घाटातील निरीक्षणांत तो नोंदविला आहे. तळाची भातखाचरे बुडाल्यावर विस्थापित शेतकरी उतारांवर चढले आणि तीव्र चढणीची जमीन नांगराखाली आली. धरणासाठी बांधलेल्या रस्त्यांमुळे लाकूड व कोळसा शहरात नेणे सोपे झाले व कोळशासाठी खोरीच्या खोरी तोडली गेली. झाडी गेल्यावर माती सुटून जलाशयात उतरू लागली. दोष शेतकऱ्याचा मानणे अन्यायाचे आहे. पाणी साठविण्यासाठी जी व्यवस्था उभारली, तिनेच ते साठविणाऱ्या मातीचे छप्पर काढून घेतले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. याच दशकात गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. अन्यत्र नाहीशी झालेली झाडे अनेक ठिकाणी तेवढ्या तुकड्यांतच उरली होती.

जलाशय हेही आता एक पर्यावरण झाले आहे. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या चिखलावर पाणपक्षी उतरतात. शहरातून पुढे वाहणाऱ्या मुळा-मुठेत सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवर जलपर्णी माजते. तिच्या आच्छादनाखाली प्रकाश व ऑक्सिजन कमी होऊन मासे टिकत नाहीत. धरणाच्या वरच्या अंगास प्रश्न गाळाचा आहे. चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा सु. २९ अब्ज घनफूट असून त्यांपैकी खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन अब्ज घनफूट आहे. सर्वांचे पाणी मात्र याच तलावातून शहराला व कालव्याला सुटते. अलीकडे त्यातील गाळ काढून काठावर झाडे लावण्याचे प्रयत्न झाले. वरच्या उतारांवर जमीन मोकळी होत आहे, तोवर तलावाच्या तळाशी दर पावसाळ्यात नवा थर बसत राहतो.