लवणीतली दोरी

खुर्चीवर बसून वाचत असाल, तर एक हात मोकळा करा. पाऊल जमिनीवर टेकवून टाच मागे ओढायचा जोर लावा, पण पाऊल हलू देऊ नका. आता गुडघ्यामागच्या लवणीत बोटं फिरवा. बाहेरच्या बाजूला एक ताठ दोरी लागेल, आतल्या बाजूलाही लागेल. या हॅमस्ट्रिंगच्या कंडरा. जुन्या इंग्रजीत 'हॅम' म्हणजे ही लवणच, आणि 'स्ट्रिंग' म्हणजे दोरी.

माणसानं माणसाची ही दोरी कापलीही आहे. इ.स.पू. 216 मध्ये हॅनिबलनं कॅनीच्या मैदानात रोमन सैन्याचा फडशा पाडला. दुसऱ्या दिवशी लूट गोळा करताना मांड्या आणि लवणी चिरलेले काही रोमन जिवंत सापडले, असं लिव्ही हा इतिहासकार सांगतो. उठता येत नव्हतं. त्यांनी मान पुढे केली आणि उरलेलं रक्तही सांडून टाका म्हणाले. इंग्रजीत 'हॅमस्ट्रिंग' हे क्रियापदही आहे. अर्थ : पंगू करणं.

ही दोरी नेमकी कशाला बांधली आहे? गेलननं रोममध्ये स्नायूंवर भरपूर लिहिलं, पण त्याच्या टेबलावर माणसं नव्हती, माकडं होती. तरी तेराशे वर्षं त्याचाच शब्द प्रमाण. मग पादुआत शिकवणाऱ्या आंद्रेआस वेसालियसनं माणसांची प्रेतं स्वतःच्या हातानं उघडली आणि 1543 साली सचित्र ग्रंथ छापला. वय 28. त्या वयाचा मी दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढतो. त्यानं गेलनचे काढले. स्नायूंना त्यानं बहुतेक नुसते क्रमांक दिले. बायसेप्स फेमोरिस, सेमीटेंडिनोसस, सेमीमेंब्रेनोसस ही नावं नंतर रुळली.

हे तिन्ही स्नायू आत्ता तुम्ही ज्या हाडावर बसला आहात तिथून निघतात आणि गुडघ्याखाली जाऊन जोडले जातात. बायसेप्सचा एक छोटा भाग तेवढा मांडीच्या हाडापासून सुरू होतो. म्हणजे एकच दोरी दोन सांध्यांवर चालते : मांडी मागे नेते, गुडघा वाकवते. पळताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा तीच ताणली जाता जाता त्याला ब्रेक लावते. स्नायू फाटतो तो बऱ्याचदा याच क्षणी.

माझा फाटला बॉक्स क्रिकेटमध्ये, दुसरी धाव घेताना. तीन आठवडे जिना चढणं म्हणजे मोहीम होती.

मग हा ब्रेकच मजबूत करायचा. 2011 साली डेन्मार्कच्या 900हून जास्त फुटबॉलपटूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायाम साधा : गुडघ्यांवर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे पडायचं. व्यायाम करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती झाल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात 52.

घरी माझे घोटे धाकटा भाऊ धरतो. पहिल्या दिवशी तोंडावर आपटलो. आता अर्ध्यापर्यंत जातो, मग हात टेकतो.