पडत्या काळातल्या गाड्या : प्रस्तावना

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. जुन्या, परवडणाऱ्या स्पोर्ट्‌स कारचा अभ्यास मात्र ते मोल वहीत मांडण्यापासूनच सुरू होतो. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला लगेच एका गाडीपाशी नेतो.

१९९६ मध्ये पोर्शेने बॉक्स्टर बाजारात आणली. दोघांपुरती, उघड्या छताची, सहा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीशी. नवी होती तेव्हा ती सुखवस्तू माणसाची गाडी. वर्षे सरली तशी इंग्लंड-अमेरिकेत तिची किंमत साध्या घरगुती गाडीइतकी खाली आली आणि पगारदार माणसालाही ती घेता येऊ लागली. घेणे आणि सांभाळणे यांत किती अंतर आहे, ते तिथून पुढे कळते. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या क्लचची, ब्रेक डिस्कची, रेडिएटरची उतरत नाही. सुटा भाग पोर्शेचाच लागतो आणि मेकॅनिकचा तास आजच्याच दराने मोजावा लागतो.

त्यातच या गाडीच्या पोटात एक छोटेसे बेअरिंग आहे. क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या मधल्या दांड्याला ते धरून ठेवते. ते गेले तर बहुधा सगळे इंजिनच जाते. अमेरिकेत यावरून खटला झाला आणि २०१३ मध्ये २००१ ते २००५ सालच्या गाड्यांपुरती तडजोड झाली. बहुसंख्य गाड्यांत ते बेअरिंग शाबूतच राहिले, पण भीती सगळ्याच गाड्यांच्या भावात शिरली. तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून जाणता मालक क्लच बदलतानाच तेही काम उरकून घेतो. दोन मालक, एकसारखीच गाडी. पण हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला नाही, त्यांच्या खर्चात काही पटींचा फरक पडतो.

प्रत्येक गाडीला असा पडता काळ येतो. ती नवी राहिलेली नसते आणि जुनी म्हणून मानही मिळत नसतो. एका दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो. किरकोळ धडक बसली तरी विमा कंपनी तिला निकालात काढते. सांभाळण्याचा खर्च आणि पुढे येणारी किंमत हे दोन वेगळे विषय समजले जातात. मला ते एकच वाटतात, कारण गाडी उद्या संग्राह्य ठरेल का, याचा निकाल या पडत्या काळातच लागतो. पोर्शेचीच ९४४ पाहा. १९८२ ते १९९१ या काळात ती बनली. तिचा टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. गाडी स्वस्त झाली तशी ती तुटपुंज्या खिशांकडे गेली, बेल्ट बदलणे पुढे ढकलले गेले, आणि इंजिन गेल्यावर ते उघडून नीट करण्यापेक्षा गाडी मोडीत काढणेच परवडू लागले. आज चांगल्या ९४४ ला जो भाव येतो, त्यात या मोडीत गेलेल्या गाड्यांचाही वाटा आहे.

मात्र दुर्मिळता म्हणजेच किंमत, असे समजू नये. नवा अभ्यासक इथेच फसतो. माझदाची एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम दिसली, आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. इतकी मुबलक गाडी कोण जपून ठेवेल, असे वाटेल. पण संख्या मोठी म्हणून सुटे भाग मिळतात, भाग मिळतात म्हणून दुरुस्ती आवाक्यात राहते, आणि दुरुस्ती आवाक्यात राहते म्हणून गाडी पडता काळ तरून जाते. स्वतः माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून द्यायला सुरुवात केली आणि त्यांचे काही भाग पुन्हा बनवायला घेतले. त्याही आधी, १९८८ पासून, ब्रिटनमध्ये एमजीबीचा अख्खा सांगाडा नवा मिळू लागला होता. तिचे उत्पादन १९८० मध्येच थांबले होते, पण पाच लाखांवर गाड्या बनल्या होत्या, म्हणून तो उद्योग उभा राहू शकला.

एमएक्स-५ चा खरा वैरी इंजिनात नाही. छतावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबतात, पाणी मागच्या चाकांपुढच्या पत्र्यात साठते आणि तो आतून गंजतो. बाहेरून रंग मात्र चकचकीत असतो! त्या नळ्या साफ ठेवायला दमडी लागत नाही. न ठेवल्या तर पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

पडता काळ तरून गेलेल्या गाडीची ओढ पुढे कशी निर्माण होते, हे सांगणे अधिक अवघड. निस्सानची स्कायलाइन आर३२ जीटी-आर १९८९ ची. अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला आयातीसाठी तिथले सुरक्षा-निकष लागू होत नाहीत. त्यामुळे २०१४ मध्ये तिच्यापुढे एक नवी बाजारपेठच उघडली आणि भाव चढले. टोयोटाच्या साध्या एई८६ ला ‘इनिशियल डी’ या चित्रकथेने नायिकापद दिले. पंधराव्या वर्षी मनात भरलेली गाडी माणूस चाळिशीत, हातात चार पैसे आल्यावर शोधू लागतो.

कायदाही पडत्या काळाची लांबी ठरवतो. जर्मनीत ३० वर्षांनंतर ऐतिहासिक गाडीची वेगळी पाटी मिळू शकते, ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ता-कर माफ होतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी दिली. पण पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर १५ व्या वर्षीच सुरू होतात. मधली ३५ वर्षे गाडीने कोणाच्या आधारावर काढायची? आपल्या अभ्यासकांनी हा प्रश्न आधी हाती घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

उभी गाडीही खाते, हे विसरू नये. टायर न फिरताही कडक होतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, टाकीतले पेट्रोल नासते. गुंतवणूक म्हणून झाकून ठेवलेल्या कितीतरी गाड्या रोज चालवलेल्या गाडीहून वाईट अवस्थेत निघतात.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा रंगाआधी कागद मागा. बेल्ट कोणत्या तारखेला बदलला, किती मैलांवर क्लच घातला, कोणत्या हिवाळ्यात काहीच झाले नाही आणि का, हे सगळे पावत्यांच्या फायलीत असते. एका मालकाचे नेटके अक्षर, दुसऱ्याची घाई, तिसऱ्याने तीन वर्षे एकही पावती न ठेवणे. गाडीचा पडता काळ त्या पानांत उतरलेला असतो. पहिल्या प्रकरणात आपण अशीच एक फाइल उघडून पहिल्या पावतीपासून वाचणार आहोत.