पटाचा दिवस, नाटकाची रात्र

बालाघाटच्या मराठी वारशाविषयी लिहू लागले की लेखणी बहुधा लांजीच्या किल्ल्यापाशी आरंभ करते आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलापाशी विसावते. आम्ही मात्र वाचकांना धानाच्या एका मोकळ्या बांधीत नेऊ इच्छितो. कापणी-मळणी उरकली आहे, बैलांना उसंत मिळाली आहे, आणि गावात पाहुण्यांची रीघ लागली आहे. दिवसा पट, रात्री नाटक.

झाडीपट्टी म्हटले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही चार नावे घेतली जातात. बालाघाटचा दक्षिण भाग या यादीतून गळतो, तो केवळ नकाशामुळे. १८६७ साली हा जिल्हा घडविला गेला तेव्हा भंडारा, मंडला आणि शिवनी यांचेच तुकडे जोडले गेले होते. पुढे १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषा-पाहणीच्या मराठी खंडात ग्रियर्सन यांनी बालाघाटच्या मराठीची दखल घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. लांजी, किरणापूर, खैरलांजीकडच्या घरांतील सोयरिकी आणि मंडईची निमंत्रणे सीमेपलीकडे जात राहिली. साहित्याच्या इतिहासाने तेवढा प्रवास केला नाही.

भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते आणि होळीपर्यंत हा हंगाम चालतो. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. तिलाच शंकरपट म्हणतात. हलक्या छकड्यावर जेमतेम टेकून बसलेला धुरकरी जोडी सोडतो आणि काही सेकंदांत सारा निकाल लागून जातो. त्या सेकंदांसाठी वर्षभर बैलाला खुराक दिलेला असतो. जिंकलेल्या जोडीचे आणि तिच्या धन्याचे नाव पंचक्रोशीत गाजते. बैलाचे नावही गाजते, आणि ते योग्यच आहे. परंतु तोल सांभाळीत ती जोडी सरळ रेषेत नेणारा मनुष्य, ज्याचे हाडही त्या शर्यतीत मोडू शकते, त्याचे नाव फार तर एखाद-दुसरा हंगाम टिकते. पुण्या-मुंबईच्या क्रिकेटपटूंच्या धावा पिढ्यान्‌पिढ्या मोजून ठेवल्या गेल्या. धुरकऱ्याच्या जिंकलेल्या पटांची वही कोणी ठेवली?

पट पाहायला आलेला पाहुणा रात्री परत जात नाही, कारण रात्री नाटक असते. जुन्या काळी दंडार आणि खडी गंमत यांनी ही रात्र जागविली. पुढे संगीत नाटकाने झाडीत येऊन या लोककलांशी घरोबा केला आणि त्यातून झाडीपट्टीची रंगभूमी उभी राहिली. प्रथम गावातीलच हौशी मंडळी रंग लावीत, नंतर वडसा येथे व्यावसायिक नाट्यमंडळ्यांचे ठाणे झाले. शहरातील संगीत नाटक वृद्ध झाले असे आपण हळहळून म्हणतो, त्याच वेळी इकडे ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने पहाटेपर्यंत गाणे चालू असते. ऑक्टोपॅडही आता त्यात आला आहे. तो आमच्या कानांना रुचत नाही, पण प्रेक्षकांची त्याविषयी तक्रार नाही. गाणारा नट लक्षात राहतो. त्याचा घसरलेला सूर सावरून घेणारा ऑर्गनवाला मात्र धुरकऱ्याच्याच पंक्तीला बसतो. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि तिच्या लोककलांचा अभ्यास निष्ठेने केला नसता तर एवढेही आपल्या हाती राहिले नसते.

पट आणि नाटक यांची ही सांगड केवळ सोयीची नव्हे. पटाची गर्दी हीच नाटकाची गर्दी. म्हणूनच ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा प्रश्न एकट्या पटाचा उरला नाही. नाटकाच्या रात्रीचे एक हक्काचे निमित्तही धोक्यात आले. न्यायालयाचे म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. शेपटी पिरगाळणे, टोकदार आर टोचणे हे प्रकार ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत त्यांना ते नाकारता येणार नाही. बैलावर पोटच्या मुलाप्रमाणे माया करणारी माणसेही त्याच पटावर असतात, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत लिहिणारा इतिहासकार पटाला अद्याप लाभलेला नाही.

२०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी १८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांचे शर्यतींविषयीचे कायदे वैध ठरविले. झाडीत दोन्ही वार्तांचा आनंद झाला. निकालातील तीन नावांत मध्य प्रदेशाचे नाव नव्हते. बाघ नदीच्या अलीकडे राहणाऱ्यांना १९५६ ची ती रेघ पुन्हा एकदा दिसली.