भुईनं पचवलेला वास

खानदेशातल्या धाब्याच्या घरात मांजर हौसेसाठी नसे. कणगीतली दादर ज्वारी उंदरांपासून राखायची तर मांजर हवंच, आणि मांजर घरात वावरलं की कधीतरी कोपऱ्यात मुतणार. त्यावरची रीत जळगाव-धुळ्याकडच्या बाईला कुणी शिकवावी लागत नसे. चुलीतली राख ओंजळभर टाकायची, ओल तिच्यात उतरू द्यायची आणि केरसुणीनं गोळा करून उकिरड्यावर न्यायची. ओल खोल गेली असेल तर भुईचा तेवढा पापुद्रा खुरप्यानं काढायचा, पांढरी माती नि शेण कालवून भरायचं आणि वरून पोतेरं फिरवायचं. आज दुकानात पाळीव जनावरांचे डाग नि वास घालवणारी बाटली मिळते. तिचं कूळ बहुतेक जण फिनाईलमध्ये शोधतील. माझ्या मते ते या भुईत आहे, फिनाईल ही मधली आडवाट आहे.

याचा पुरावा मुताच्या रसायनात आहे. ताज्या मुताला फारसा वास नसतो. त्यातला युरिया जंतू फोडतात तेव्हा अमोनिया सुटतो. मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्लही असतं, ते हळूहळू विघटित होतं आणि नाक धरायला लावतं. शिवाय यूरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत. उन्हाळ्यात सगळं कोरडं असताना वास गेला असं वाटतं आणि मृगाच्या हवेत तोच कोपरा पुन्हा बोलू लागतो, त्याला हे स्फटिकही कारण आहेत. मातीच्या भुईत मात्र या मालाला वाट मिळते. चिकणमातीचे कण अमोनियम धरून ठेवतात आणि मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात. बिहारमध्ये जुन्या वस्त्यांच्या आणि गोठ्यांच्या मातीतून शतकानुशतकं सोरा, म्हणजे नायट्रेटचाच क्षार, काढला जाई. जनावरांचं मूत मातीत मुरून पालटतं, याचा याहून ढळढळीत दाखला कुठला? राखेचं काम वेगळं होतं. ती ओल शोषते, पण ती अल्कधर्मी असल्यामुळे तिच्या सान्निध्यात अमोनिया उलट मोकळा होतो. म्हणून राख तिथंच पसरून ठेवण्यात अर्थ नव्हता, ती लगेच उचलावी लागे. वास मारणं किंवा झाकणं हा या रीतीचा हेतू नव्हताच. जे उचलता येईल ते उचलायचं आणि उरलेलं मातीला पचवू द्यायचं, एवढंच तिचं तत्त्व.

फिनाईलचं कूळ अगदी निराळं. 1834 साली फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दगडी कोळशाच्या डांबरातून कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, वेगळं केलं. पुढे इंग्लंडातल्या कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी कमी करायला ते वापरलं गेलं. हे कळल्यावर जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदानं 1865 साली ते जखमांसाठी वापरून पाहिलं. 1877 साली जॉन जेईजनं डांबरापासून केलेल्या जंतुनाशक द्रवाचं पेटंट घेतलं. पाण्यात ओतताच दुधाळ होणारं आपलं फिनाईल या घराण्यातलं. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि घरं औषधानं धुऊन काढणं ही सरकारी मोहीम झाली. दवाखाने, शाळा, रेल्वे स्टेशनं यांच्या मागोमाग हा वास घरातही शिरला, आणि 'फिनाईलचा वास म्हणजे स्वच्छता' हे समीकरण पक्कं बसलं. पण शहाबादी फरशीच्या सांध्यात मुरलेलं मूत फिनाईलनं पालटत नाही. जंतू मरतात, नाक काही तास फसतं, युरिया नि यूरिक आम्ल जागच्या जागी राहतं. मांजर त्याच जागेवर पुन्हा येतं, कारण त्याचं नाक फसलेलं नसतं. त्यात मांजराचं यकृत फिनॉल नीट निकामी करू शकत नाही. फिनाईलच्या फरशीवर चालून पंजे चाटणाऱ्या मांजराला आपण विषच चाटवत असतो.

यावर एक आक्षेप येणारच: शेण स्वतःच घाण नाही का? आक्षेप खरा आहे. शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात आणि बाळंतिणीच्या खोलीत ते फार महाग पडू शकतं. आजच्या घरात सारवण परत आणा, असं मी मुळीच म्हणत नाही. पटकी-प्लेगाच्या काळात जंतुनाशकांनी जीव वाचवले, हेही कुणी नाकारू नये. माझं म्हणणं एवढंच की रोगासाठी काढलेलं औषध आपण वासाच्या कामाला जुंपलं, आणि ती दोन कामं एक नाहीत. दुसरा आक्षेप असा की जुन्या रीतीत शास्त्र नव्हतं, निव्वळ सवय होती. तर मग पुढचा इतिहास पाहावा.

1947 सालापर्यंत अमेरिकेतली घरातली मांजरंही बहुतेक करून राखेत किंवा वाळूत बसत. त्या वर्षी मिशिगनमधल्या एडवर्ड लोव यांच्या शेजारणीला राखेचा कंटाळा आला होता, कारण मांजराची काळी पावलं घरभर उठत. लोव यांनी तिला भाजलेल्या शोषक मातीचे दाणे दिले आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. पुढे त्या जागी बेंटोनाइट ही चिकणमाती आली, ओल लागताच गोळा होणारी. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, म्हणजे तापीकाठच्या कपाशीच्या काळ्या मातीला फुगवणारं आणि उन्हाळ्यात भेगाळवणारं तेच. बाटलीचंही तसंच आहे. 1913 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओट्टो र्‍योम यांनी स्वादुपिंडातलं एन्झाइम धुण्याच्या कामाला लावलं, त्या वाटेनं आजचे एन्झाइमचे द्रव आले. त्यातल्या पुष्कळांत बॅसिलस जातीचे जंतू असतात. हे मुळात मातीत राहणारे. भुई गेली, पण भुईतलं बिऱ्हाड बाटलीत भरून पुन्हा घरात आलं!

ही वंशावळ ध्यानात घेतली की बाटली कशी वापरायची हेही कळतं. आधी ओल फडक्यानं दाबून टिपायची, घासायची नाही. सोफ्याच्या फोममध्ये मूत जितकं खोल गेलं तितकाच खोल द्रव जायला हवा. मग तो लगेच पुसायचा नाही, कारण पचवायला वेळ लागतो. त्याच जागी फिनाईल ओतलं असेल तर ते आधी साध्या पाण्यानं काढून टाकावं, नाहीतर औषध औषधालाच मारतं. ब्लीचिंग पावडर मुतावर टाकूच नये, अमोनियाशी मिळून तिचा विषारी वायू होतो. व्हिनेगर शहाबादी, कोटा किंवा कडप्प्यावर नको, तो चुनखडीचा दगड आम्लानं खाल्ला जातो. आणि जळगावच्या प्लॅस्टिकच्या चटया आज घराघरात आहेत. चटई स्वतः काही शोषत नाही, पण तिच्या विणीतून थेंब खाली उतरतो आणि फरशी नि चटई यांच्यामध्ये हवा न लागता राहतो. वरून कितीही पुसलं तरी चटई उचलून खालची फरशी धुतल्याशिवाय तो वास जात नाही.