विभेदक, मर्यादित घसरणीचा
मोटारगाडीच्या मागील एका चाकाची पकड सुटली, तरी दुसऱ्या चाकास ओढ मिळत राहावी यासाठी योजलेली यंत्रणा. साध्या विभेदकाचे एकस्व ओनेझीफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी घेतले. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावे लागते. विभेदकामुळे दोन्ही चाके निरनिराळ्या वेगांनी फिरू शकतात. मात्र चाके फिरविणारा पीळ तो दोहोंना सारखाच देतो. त्यामुळे एक चाक चिखलात गरगरू लागले, की कोरड्या जमिनीवरील चाकही निरुपयोगी ठरते.

शक्तिशाली शर्यतगाड्यांत हा दोष प्रकर्षाने जाणवला. फेर्डिनांट पोर्श यांनी आखलेल्या ऑटो युनियन गाड्यांसाठी जर्मनीतील झेडएफ कंपनीने १९३५ च्या सुमारास मर्यादित घसरणीचा विभेदक तयार केला. अमेरिकेत पॅकार्ड गाड्यांत तो १९५६ मध्ये आला. त्याच्या एका रूढ प्रकारात विभेदकाची बाजूची दंतचक्रे व पेटी यांच्यामध्ये घर्षण-चकत्या असतात. त्या चाकांच्या वेगांतील फरकास विरोध करतात.

जुन्या गाडीत ही यंत्रणा मूळ पेटीच्या जागी बसवून मूळ क्राउन चक्र बहुधा तिच्यावरच जोडतात. तथापि क्राउन चक्र व पिनियन यांच्या दातांतील मोकळीक आणि धारव्यांवरील पूर्वताण पुन्हा जुळवावा लागतो. अन्यथा दात आवाज करतात व लवकर झिजतात. चकत्यांच्या प्रकारास सामान्यतः घर्षण-नियंत्रक द्रव्य मिसळलेले तेल लागते. अशा गाडीचे एकच मागील चाक उचलून ते एंजिनाने फिरविणे धोक्याचे असते, कारण जमिनीवरील चाक गाडीस पुढे ढकलू शकते.