इंजिनाचा ताप मोजायचा कुठे?

१८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. वाहन होते त्यांचे पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली तीनचाकी मोटार, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. ही हकिकत सांगताना वाटेत औषधाच्या दुकानातून घेतलेल्या इंधनाचा उल्लेख हमखास होतो. पण पुन्हा पुन्हा थांबावे लागले ते पाण्यासाठी.

त्या गाडीत तापमापी नव्हता, आणि एका अर्थाने त्याची गरजही नव्हती. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई. वातावरणाच्या दाबाखाली उकळणारे पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. मिळालेली उष्णता बाष्पीभवनात खर्च होते, दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी. आपण वर्गात शिकवतो तोच हा सुप्त उष्मा. पाणी आहे तोवर काळजी नाही. लक्ष ठेवायचे ते पाण्याच्या पातळीवर.

पुढे तेच पाणी फिरवून वापरण्याची युक्ती आली. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. बारीक नळ्यांमुळे हवेला भिडणारे पृष्ठफळ खूप वाढले आणि थोड्या पाण्यात काम भागू लागले. मात्र पाणी आता धातूच्या पेटीत बंद झाले. ते कमी झाले की नाही, हे चालकाला कळायचे ते बहुधा समोरून वाफ उसळली म्हणजे.

अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांनी यावर उपाय काढला. त्यांच्या ‘मोटोमीटर’चे पेटंट १९१२ चे. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा तापमापी चालकाला आसनावरून दिसे. त्याचा फुगा पाण्यात बुडवलेला नसे. तो पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेतल्या वाफेचे तापमान दाखवी. प्रथमदर्शनी ही चूक वाटते. पण पाण्याची पातळी खाली गेली म्हणून हा फुगा एकाएकी निराळ्या माध्यमात जात नसे. मला यात मोठी समज दिसते.

१९३० च्या सुमारास तापमापी झाकणावरून चालकासमोरच्या फळीवर आला आणि त्याचा संवेदक पाण्यात गेला. पाणी भरलेले असेल तर ही मांडणी उत्तम. आता रबरी नळी फाटली आणि पाणी वाहून गेले असे समजा. संवेदकाभोवती उरते हवा, आणि हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या विसाव्या भागाहूनही कमी. सिलिंडरचा धातू तापत जातो आणि काटा मात्र जागचा हलत नाही, किंवा चक्क खाली येतो. एका घाटात माझ्या गाडीचा काटा असाच उतरला, तेव्हा मला बरेच वाटले होते! पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट त्या क्षणी कामी आली नाही. जळका वास आल्यावर गाडी थांबवली.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. उकळत्या पाण्यातला तापमापी हळूहळू वर उचलून भांड्याबाहेरच्या हवेत आणा. स्टोव्ह तसाच पेटलेला, पाणी तसेच उकळते आहे, तरी पारा उतरतो. तापमापी नेहमी स्वतःचेच तापमान सांगतो, हे मुलांना त्यातून पटते.

दरम्यान इंजिनात काय होते? ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसतो, सिलिंडरचे डोके वाकते, मधले गॅस्केट फुटते. ॲल्युमिनियमचा द्रवणांक ६६० अंश असला तरी त्याचे बळ त्याच्या कितीतरी आधी खचते.

पुढे आलेल्या विजेच्या काट्यांत आणखी एक मेख होती. त्यांतल्या अनेकांच्या संवेदकाचा रोध तापल्यावर कमी होतो. तार तुटली तर रोध अनंत, म्हणजे काट्याच्या लेखी इंजिन थंडगार. साध्या मंडलाला तुटलेली तार आणि थंड इंजिन यांतला फरक ओळखता येत नाही.

१९९० च्या दशकात फोर्ड कंपनीने काही इंजिनांत संवेदक थेट सिलिंडरच्या डोक्याच्या धातूत बसवला. पाणी संपले तरी धातूचा ताप कळतो. मग संगणक आळीपाळीने काही सिलिंडरांचे इंधन तोडतो. त्यांतून नुसती हवा खेळते आणि ते थोडे निवतात. गाडी धापा टाकत का होईना, जवळच्या गॅरेजपर्यंत पोचू शकते.